एका मिनिटात किती श्वास?

सेकंदकाट्याचे घड्याळ घ्या आणि शेजारी स्वस्थ बसलेल्या एखाद्या मोठ्या माणसाचे श्वास एक मिनिट मोजा. छाती किंवा पोट एकदा वर येऊन खाली गेले की एक श्वास झाला. मात्र मोजत आहोत हे त्याला कळू देऊ नका. कळले की श्वासाची गती बदलते. तुमचे उत्तर बहुधा १२ ते २० यांच्या दरम्यान येईल.

हा आकडा अगदी साधा वाटतो. परंतु अफूच्या वर्गातील पदार्थांची मात्रा जास्त झाली म्हणजे माणूस दगावतो तो मुख्यतः हाच आकडा खाली घसरल्यामुळे. तो ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. जवळ कोणीतरी माणूस लागतो. तो माणूस कोठून यायचा, हा प्रश्न शरीरशास्त्राइतकाच गावाचाही आहे. म्हणून या लेखात आपण दोन्ही बाजू पाहणार आहोत.

श्वासाचा ताल कोण धरतो?

आपण झोपेत श्वास घ्यायला विसरत नाही. मेंदूच्या तळाशी, पाठीच्या कण्याला लागून असलेल्या लंबमज्जा नावाच्या भागात आणि त्याच्या आसपास श्वसनाची केंद्रे आहेत. तेथील पेशी ठरावीक अंतराने छातीच्या व श्वासपटलाच्या स्नायूंना इशारा देतात. रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढू लागला की या केंद्रांना ते लगेच कळते आणि श्वास जलद होतो. पळून आल्यावर धाप लागते ती यामुळेच. म्हणजे ही एक स्वयंनियंत्रित व्यवस्था आहे. शेगडीवरच्या दुधाकडे कोणीतरी सतत लक्ष ठेवून आच कमी-जास्त करावी, तसे हे काम अहोरात्र चालते.

खसखशीच्या झाडाच्या बोंडाला चीर दिली की जो चीक येतो, ती अफू. तिच्यातून जर्मन औषधनिर्माता सेर्ट्युर्नर याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मॉर्फिन वेगळे केले. १८९८ साली मॉर्फिनपासून बनवलेले हेरॉइन बाजारात आले. त्याचेच अशुद्ध रूप आपल्याकडे ब्राऊन शुगर किंवा गर्द म्हणून ओळखले जाते. १९६० साली बेल्जियममध्ये प्रयोगशाळेत फेंटानिल तयार झाले. ते मॉर्फिनच्या ५० ते १०० पट प्रभावी आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी आणि कर्करोगाच्या वेदनांवर हे पदार्थ वरदान ठरतात, हे विसरून चालणार नाही.

आपल्या चेतापेशींवर या पदार्थांना नेमके बसता येईल असे रेणू असतात. त्यांना ग्राही म्हणतात. ग्राही हे कुलूप, तर मॉर्फिन ही किल्ली. किल्ली फिरली की वेदनेचा निरोप मंदावतो. पण तसलीच कुलपे श्वसनकेंद्रातही आहेत. तेथे फार किल्ल्या फिरल्या, तर कार्बन डायऑक्साइड वाढत गेला तरी केंद्र दखल घेत नाही. दूध उतू चालले आहे, पण पाहणारा झोपी गेला आहे! त्या माणसाला गुदमरल्याची जाणीवही होत नाही. तो हातपाय झाडत नाही, ओरडत नाही. पाहणाऱ्याला वाटते, गाढ झोपला आहे.

मिनिटांचा हिशेब

आता थोडे अंकगणित करू. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस एका श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा घेतो. त्यातील सुमारे १५० मिलिलिटर हवा श्वासनलिकेतच राहते. फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोचते ती ३५० मिलिलिटर. मिनिटाला १४ श्वास धरले तर १४ × ३५० = ४,९०० मिलिलिटर हवा कामी येते. या हवेच्या सुमारे ५ टक्के एवढा प्राणवायू रक्त उचलते. ४,९०० चे ५ टक्के म्हणजे २४५ मिलिलिटर. शरीराची गरज मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर. हिशेब जुळला.

समजा, श्वास मिनिटाला ४ वर आले. ४ × ३५० = १,४०० मिलिलिटर; त्याचे ५ टक्के म्हणजे अवघे ७० मिलिलिटर. गरज आहे २५० ची! प्रत्यक्षात शरीर अशा वेळी हवेतून थोडा अधिक प्राणवायू ओढते, परंतु फुप्फुसातील प्राणवायूची पातळी खालावते आणि तूट भरून निघत नाही. ओठ व नखे निळसर पडू लागतात ती याच तुटीमुळे.

श्वास पूर्णच थांबला तर? फुप्फुसे, रक्त आणि स्नायू मिळून शरीरात प्राणवायूचा साठा सुमारे दीड लिटर असतो. १,५०० भागिले २५० म्हणजे ६ मिनिटे. हा साठा शेवटच्या थेंबापर्यंत वापरता येत नाही. त्यातून मेंदू मोठा खर्चिक. वजनाने शरीराच्या सुमारे २ टक्के, पण प्राणवायू लागतो सुमारे २० टक्के. त्यामुळे ४ ते ५ मिनिटांतच मेंदूच्या पेशींना इजा होऊ लागते.

आता दुसरे गणित. दवाखाना ५ किलोमीटरवर आहे आणि गाडी ताशी ३० किलोमीटर वेगाने धावते. तिला १० मिनिटे लागतील. १० हा आकडा ६ हून मोठा आहे. म्हणजे श्वास थांबलेल्या माणसाला ५ किलोमीटरसुद्धा लांबच. मग ते खेडे असो की महानगर.

उतारा आणि त्याचे अर्धायुष्य

अफूवर्गीय पदार्थांवर नॅलोक्सोन हा उतारा आहे. त्याचे पेटंट १९६१ सालचे असून अमेरिकेत १९७१ पासून ते औषध म्हणून मान्य आहे. नॅलोक्सोन ही त्याच कुलपात बसणारी, पण न फिरणारी किल्ली. ती मॉर्फिनला बाजूला सारून जागा अडवते आणि दोन-तीन मिनिटांत माणूस पुन्हा श्वास घेऊ लागतो.

पण येथे एक मेख आहे. किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या अर्धायुष्याविषयी तुम्ही शिकला असाल. औषधांनाही रक्तात अर्धायुष्य असते. नॅलोक्सोनचे ते सुमारे १ तास, तर मॉर्फिनचे २ ते ३ तास. आपण ३ तास धरू. तीन तासांनंतर नॅलोक्सोन किती उरेल? तीन अर्धायुष्ये झाली, म्हणजे १/८. मॉर्फिन मात्र १/२ उरलेले असेल. पहारेकरी निघून गेला आणि चोर अजून दाराशीच आहे! शुद्धीवर आलेला माणूस पुन्हा बेशुद्ध होऊ शकतो तो असा. म्हणून ‘आता बरे वाटते’ म्हणून त्याला एकटे सोडायचे नसते. दवाखान्यात न्यायचेच असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली शिफारस केली, की अशा प्रसंगी जवळ असण्याचा संभव असलेल्या सामान्य लोकांच्या हाती नॅलोक्सोन द्यावे व ते वापरायला शिकवावे. नाकात फवारण्याचे नॅलोक्सोन अमेरिकेत २०२३ पासून चिठ्ठीविना मिळते. आपल्याकडे ते मुख्यतः रुग्णालयात इंजेक्शनाच्या रूपात वापरले जाते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. रोज नशा करणाऱ्याच्या शरीराला त्या पदार्थाची सवय होते. तेवढ्याच परिणामासाठी मात्रा वाढवावी लागते. काही आठवडे पदार्थ बंद राहिला की ही सवय ओसरते. अशा वेळी त्याने मोह होऊन जुनीच मात्रा घेतली तर ती आता त्याला झेपत नाही. त्यामुळे उपचार घेऊन किंवा तुरुंगातून नुकताच घरी आलेला माणूस सर्वांत अधिक धोक्यात असतो. ‘सुटला एकदाचा!’ म्हणून सगळे निर्धास्त होतात, नेमकी तीच ही वेळ.

चर्चने दार उघडले

अमेरिकेत २०२२ साली नशेच्या पदार्थांच्या अतिमात्रेने सुमारे १ लाख ८ हजार माणसे मरण पावली. त्यांतील सुमारे ८२ हजार मृत्यूंत अफूवर्गीय पदार्थ होते. २०२४ मध्ये एकूण संख्या सुमारे ८० हजारांपर्यंत खाली आली. तरीही ती फार मोठी आहे. यांतील अनेक अंत्यविधी चर्चमध्ये व्हायचे. तेव्हा तेथील अनेक चर्चनी केवळ अंत्यविधीपुरते न थांबण्याचे ठरवले. आपल्या सभासदांना नॅलोक्सोन वापरायला शिकवले, त्याच्या पेट्या आवारात ठेवल्या आणि व्यसन सोडू पाहणाऱ्यांच्या बैठकांना जागा दिली. १९३५ साली सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेच्या बैठकांना चर्चची दालने पूर्वीपासून मिळत आली होती. त्याच वाटेवरचे हे पुढचे पाऊल.

‘अशाने व्यसनाला उत्तेजन मिळणार नाही का?’ असा प्रश्न तेथेही विचारला जातो. त्याचे उत्तर आपल्या हिशेबातच आहे. सहा मिनिटांनंतर सुधारायला माणूस उरत नाही.

महाराष्ट्रातही हे घडले आहे. १९८०च्या दशकात मुंबई-पुण्याकडे गर्दचा फैलाव झाला. १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात फादर जोसेफ परेरा यांनी कृपा फाउंडेशनचे काम सुरू केले. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची पद्धत आणि योगासने यांची सांगड त्यांनी घातली. बी. के. एस. अय्यंगार यांच्याकडे ते योग शिकले होते. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिल व डॉ. अनिता अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभारले, त्यास पु. ल. देशपांडे व सुनीताबाईंनी साहाय्य केले. एक काम चर्चच्या आवारातून निघाले, तर दुसऱ्याचा धर्मसंस्थेशी संबंध नव्हता. पण एक गोष्ट दोन्हीकडे समान होती. व्यसनी माणसाला आरोपी न मानता रुग्ण मानले गेले, आणि घरी गेल्यावरही त्याच्याशी संबंध तुटू दिला नाही.

गडचिरोलीच्या जंगलात

आता आपण पूर्व विदर्भात येऊ. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. क्षेत्रफळ सुमारे १४,४०० चौरस किलोमीटर, तालुके १२, आणि बहुतेक भूभाग जंगलाचा. भामरागड हे जिल्ह्याच्या ठिकाणापासून सुमारे १८० किलोमीटर. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की त्याचा संपर्कच तुटतो. येथे गर्द हा मोठा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो दारूचा आणि तंबाखूचा, म्हणजे खर्ऱ्याचा. देशभरातही चित्र असेच दिसते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दारू घेणारे १०० पैकी सुमारे १४ ते १५, तर अफूवर्गीय पदार्थ घेणारे सुमारे २ आढळले.

दारू अफूच्या वर्गातली नव्हे. तिची कुलपेही वेगळी. परंतु फार थोड्या वेळात फार जास्त दारू घेतली तर तीही श्वसनकेंद्राला गुंगी आणते. शिवाय घशात काही अडकले असता ठसका लागतो, ती प्रतिक्षिप्त क्रियाही मंदावते. बेशुद्धीत उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊन माणूस गुदमरतो. यकृत दारूचा निचरा जवळजवळ ठरावीक गतीने करते. ताक, लिंबू किंवा कॉफी दिल्याने ती गती वाढत नाही. आणि दारूवर नॅलोक्सोनसारखा उतारा नाही. म्हणजे येथे तर जवळच्या माणसाचे महत्त्व आणखी वाढते.

दुर्गम गावातील सामान्य माणूस हे काम करू शकेल का? याचे उत्तर श्वासाच्याच बाबतीत गडचिरोलीने दिलेले आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तेथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखण्यासाठी श्वास मोजावे लागतात. पण गावातल्या निरक्षर सुईणींना एवढे आकडे मोजता येत नसत. त्यांच्यासाठी एक साधे साधन तयार करण्यात आले. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि काही मणी; दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मोजदाद मण्यांनी केली, निदान सुईणीने केले!

पुढे जन्मतः श्वास न घेणाऱ्या बाळाला पिशवी व मुखवट्याच्या साहाय्याने श्वास द्यायलाही गावातील स्त्रिया शिकल्या. नवजात बालकांच्या अशा घरगुती काळजीचा ३९ गावांतील प्रयोग १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नवजात मृत्यूचे प्रमाण त्यात ६२ टक्क्यांनी घटलेले दिसले. ज्या गावाला दवाखाना दूर होता, त्या गावातच श्वासाची राखण करणारी माणसे उभी राहिली.

दारूच्या बाबतीतही लोकच पुढे झाले. गावोगाव महिलांनी व ग्रामसभांनी आंदोलन चालवले आणि १९९३ साली गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी झाली. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील हजारो स्त्रिया २०१० साली चिमूरहून नागपूरला विधिमंडळाच्या अधिवेशनावर पायी गेल्या. तेथे २०१५ साली बंदी आली आणि २०२१ साली उठली. बंदी असावी की नसावी, याविषयी जाणत्या लोकांत मतभेद आहेत. चोरट्या दारूचा मुद्दा एका बाजूने मांडला जातो, स्त्रियांचे अनुभव दुसऱ्या बाजूने. पण कायदा काहीही असला तरी बेशुद्ध माणसाशेजारी कायदा बसत नाही, माणूसच बसतो. २०१६ पासून गडचिरोलीत शासन, सर्च व टाटा ट्रस्ट यांनी मिळून ‘मुक्तिपथ’ हा कार्यक्रम सुरू केला. गावसंघटना, जागृती आणि तालुक्याच्या ठिकाणी व्यसन-उपचार अशी त्याची रचना आहे. म्हणजे गावाने नशेला विरोध करावा, आणि नशेत सापडलेल्या माणसाला उपचाराची वाट जवळच मिळावी.

ही दोन कामे एकत्र चालणे महत्त्वाचे आहे. नुसता धिक्कार झाला तर माणूस लपून, एकट्याने नशा करतो. आणि एकट्या माणसाचे श्वास मोजायला कोणी नसते. चर्चचे दालन, गावाची समाजमंदिरे, बचतगटाची बैठक, तुमची शाळा यांचे मोल येथे कळते. ही सर्व ठिकाणे सहा मिनिटांच्या आत आहेत.

वेळ आलीच तर

नशेत पडलेला माणूस हाक मारून, खांदा हलवूनही जागा होत नसेल, श्वास मिनिटाला दहापेक्षा कमी असतील, घशातून घरघर किंवा गुळगुळ असा आवाज येत असेल, ओठांची आतली बाजू किंवा नखे निळसर दिसत असतील, तर ती झोप नव्हे. अफूवर्गीय पदार्थ असेल तर डोळ्यांच्या बाहुल्याही टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होतात. यांपैकी काहीही दिसले तर:

१. मोठ्या माणसांना हाक मारा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

२. श्वास चालू असेल तर त्याला कुशीवर वळवा. तोंड किंचित जमिनीकडे असू द्या, म्हणजे उलटी बाहेर येईल.

३. श्वास थांबला असेल तर ज्याने शिक्षण घेतले आहे त्याने लगेच कृत्रिम श्वास व छातीवर दाब द्यावा. १०८ वरील माणूस सांगेल तसे करावे.

४. पाणी, ताक, मिठाचे पाणी काहीही पाजू नका. उलटी करवू नका. अंगावर गार पाणी ओतू नका.

५. मदत येईपर्यंत त्याला एकटे सोडू नका आणि श्वास मोजत राहा.

६. काय व किती घेतले हे ठाऊक असेल तर डॉक्टरांना खरे सांगा. या वेळी लाज धरू नये.

कोणाला व्यसन सोडायचे असेल तर १४४४६ या राष्ट्रीय क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

करून पाहा

प्लास्टिकच्या दोन लहान बाटल्या तोंडाला तोंड लावून जोडा; मध्ये बारीक भोक पाडलेला पुठ्ठा ठेवा. चाळलेली कोरडी वाळू कमी-जास्त करून ती बरोबर एका मिनिटात खाली पडेल असे करा. दहा चिंचोके घ्या. आता घरातील माणसांचे श्वास मोजा. दर दहा श्वासांना एक चिंचोका बाजूला सरकवा. आजोबा, आई, धाकटी बहीण, झोपलेले तान्हे बाळ यांचे आकडे वहीत लिहा. बाळाचा आकडा सर्वांत मोठा का येतो, याचा शिक्षकांशी विचार करा.

मग वर्गात एक प्रश्न मांडा. आपल्या शाळेपासून जवळचे आरोग्य केंद्र किती किलोमीटरवर आहे, गाडीला तेथे पोचायला किती मिनिटे लागतात, आणि तो आकडा ६ हून किती मोठा आहे? जेवढा तो मोठा, तेवढी गावात श्वास मोजता येणारी माणसे अधिक हवीत. वाळू संपली तरी पहिला चिंचोका सरकला नाही, याचा अर्थ काय, हे आता तुम्हाला ठाऊक आहे. तो आणखी चार जणांना सांगा.